चेहऱ्याचा न्याय

एखादा चित्रकार आज सिंह रंगवतो, उद्या ससा आणि परवा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले हॅरिएट टबमन किंवा फ्रेडरिक डग्लस. त्याची चित्रे पाहताना आपण मनातल्या मनात त्यांचे दोन ढीग करतो. प्राण्यांची चित्रे म्हणजे हौस, मुलांची करमणूक, भिंतीची शोभा. कृष्णवर्णीय इतिहासपुरुषांची आणि स्त्रियांची चित्रे म्हणजे सामाजिक बांधिलकी, इतिहासाचे देणे, संदेश. पहिल्या ढिगाचे कौतुक 'किती गोड' म्हणून संपते, दुसऱ्याचे 'किती गरजेचे' म्हणून. दोन्ही वेळा चित्राकडे नीट पाहायचे राहून जाते.

ही विभागणी मला उथळ वाटते. माझे म्हणणे असे आहे की प्राण्याचे चांगले चित्र आणि इतिहासाने पुसून टाकलेल्या माणसाचे चांगले चित्र ही एकाच कामाची दोन रूपे आहेत. समोरचा जीव हा कुठल्या तरी प्रकाराचा नमुना आहे असे न मानता, हा एकच, हाच, असे त्याला पाहणे हे ते काम. वंशवादाने कृष्णवर्णीयांवर जो अन्याय केला, त्यात चित्रांचा मोठा हात होता. त्यांची चित्रे काढलीच गेली नाहीत असे नाही. भरपूर काढली गेली, पण नमुना म्हणून काढली गेली. त्यामुळे चित्रांची संख्या वाढवून हा अन्याय भरून निघणार नाही. पाहण्याची रीत बदलावी लागेल, आणि ती रीत शिकण्याची एक उत्तम जागा प्राणिचित्रण आहे. हे मी पाच टप्प्यांत मांडतो आणि त्यावर येऊ शकणाऱ्या आक्षेपांना उत्तर देतो.

१. अन्याय करणारी नजर

१८५० साली हार्वर्डचे प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांच्यासाठी दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात जे. टी. झीली या छायाचित्रकाराने काही गुलाम स्त्री-पुरुषांची छायाचित्रे घेतली. त्यांत रेंटी नावाचा पुरुष आणि त्याची मुलगी डीलिया होती. त्यांचे कपडे उतरवले गेले, समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेतली गेली. अगासिझ यांची कीर्ती माशांच्या आणि जीवाश्मांच्या अभ्यासामुळे झालेली. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले, हे त्यांना या छायाचित्रांतून दाखवायचे होते. पुढे हा संच हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर पडून राहिला आणि १९७६ साली पुन्हा हाती लागला. त्यावरच्या चिठ्ठ्यांवर माणसांची नावेही होती. नाव माहीत असूनही चित्र व्यक्तीचे झाले नाही, कारण घेणाऱ्याला रेंटी नको होता. त्याला 'आफ्रिकन' हवा होता.

नमुनाचित्र ही मुळात वाईट गोष्ट नाही. पक्ष्यांच्या ओळखपुस्तकात एका खंड्याचे चित्र सगळ्या खंड्यांसाठी उभे असते आणि ते तसेच असायला हवे. त्या पानाला पक्षी ओळखायला मदत करायची असते, त्या खंड्याची हकीकत सांगायची नसते. घात होतो तो हे मर्यादित साधन सर्वाधिकारी झाल्यावर, म्हणजे ज्याला स्वतःचे आयुष्य आहे त्याची सगळी किंमत त्याच्या प्रकारावरून ठरवली जाते तेव्हा. डग्लसने १८४५ च्या आपल्या आत्मकथेत सांगितले आहे, की मालक मेल्यावर वाटणीसाठी माणसे, घोडे, मेंढ्या आणि डुकरे एकाच रांगेत उभी करून त्यांच्या किमती लावल्या गेल्या. त्या रांगेत माणसालाच नव्हे, घोड्यालाही 'हाच' म्हणून कोणी पाहिले नव्हते. किंमत लावणाऱ्याची नजर दोघांसाठी सारखीच होती.

२. जहांगीराच्या दरबारातील साक्ष

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. त्याची सर्वांत बोलकी साक्ष आपल्या दख्खनशी जोडलेली आहे.

जहांगीर बादशहाला प्राण्यांचे अपार कुतूहल होते. १६१२ साली त्याचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी आणले. त्यांत टर्की हा अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेला पक्षी होता, आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. १६२१ साली हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मुलखातून, एक झेब्रा आला. त्याचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका आली आणि ती तपासली गेली. मग मन्सूरने तो झेब्रा असा काढला की जाड पट्टा कुठे बारीक होतो, पायाजवळ पट्ट्यांची दिशा कशी बदलते, हे सारे त्यात दिसते. तो झेब्रा 'एक झेब्रा' नाही. त्या दिवशी दावणीला उभा असलेला तोच तो प्राणी आहे.

याच हबसाणातून लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला एक माणूस हात बदलत दख्खनला पोहोचला होता. मलिक अंबर. निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला, खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली, जमीन महसुलाची घडी बसवली आणि १६२६ साली मरेपर्यंत मुघलांना दाद दिली नाही. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने त्याला चित्रात आणले ते असे: जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर आणि बैल माशावर टेकलेला आहे, आणि बादशहा भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. मुंडक्यावर घुबड बसले आहे. प्रत्यक्षात अंबर तेव्हा जिवंत होता आणि दख्खनेत मुघलांना जेरीस आणत होता.

अबुल हसनाकडे कौशल्य कमी नव्हते. तो त्या काळच्या सर्वश्रेष्ठ चित्रकारांपैकी एक होता. उणीव नजरेची होती. झेब्र्याबद्दल बादशहाला कुतूहल होते, म्हणून झेब्र्याला न्याय मिळाला. अंबरबद्दल बादशहाला संताप होता, म्हणून अंबरचा चेहरा अंधाराचे आणि पराभवाचे चिन्ह झाला. त्याच मुघल परंपरेतल्या हाशिम या चित्रकाराने मात्र मलिक अंबरचे स्वतंत्र व्यक्तिचित्र काढले. बाजूने दिसणारा चेहरा, अंगात पांढरा तलम जामा, तलवार, वयाने आणि अधिकाराने भारदस्त झालेला देह. त्यात शत्रूचा द्वेष नाही आणि भक्ताची खुशामतही नाही. मन्सूरचा झेब्रा आणि हाशिमचा अंबर आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मलिक अंबरला न्याय देणारे चित्र अबुल हसनच्या चित्रापेक्षा झेब्र्याच्या चित्राला जवळचे आहे, कारण दोन्हींत चित्रकाराने आधी पाहिले आहे आणि मग ठरवले आहे.

३. प्राणी काढताना हात काय शिकतो

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या कामातही हेच दिसते. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो पाहिला नाही. न्यूरेंबर्गला बसून, दुसऱ्याच्या पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने तो लाकडी ठशात उतरवला. त्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि पाठीवर एक जास्तीचे छोटे शिंग आहे. हे चित्र पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपात गेंडा म्हणून चालले. १५२१ साली अँटवर्पमध्ये त्याच ड्यूररने कॅथरिना नावाच्या आफ्रिकन तरुणीचे रुपेरी टोकाच्या लेखणीने रेखाचित्र केले. ती एका पोर्तुगीज व्यापारी प्रतिनिधीच्या घरी सेवेत होती. डोक्याला वस्त्र बांधलेले, नजर खाली, आणि कागदावर ड्यूररच्या हातची नोंद: नाव कॅथरिना, वय २०. प्रत्यक्ष न पाहता काढलेला गेंडा दंतकथा झाला. समोर बसलेली कॅथरिना ५०० वर्षांनंतरही व्यक्ती आहे. ज्या हाताने १५०२ साली सशाच्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब रंगवले होते, त्याच हाताला कॅथरिनाच्या झुकलेल्या पापण्या दिसल्या. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

प्राणी चित्रकाराला सवलत देत नाही. तो हसत नाही, पोझ देत नाही, आपली ओळख सांगत नाही. त्याचा स्वभाव कानाच्या कोनातून, खांद्यावर पडलेल्या भारातून, केसांच्या दिशेतून हुडकावा लागतो. ठरीव खुणांवर विसंबणाऱ्याचा सिंह म्हणजे आयाळ लावलेले मांजर होते. ज्याला ही शिस्त लागली, तो माणसाकडे वळल्यावर 'आफ्रिकन ओठ', 'आफ्रिकन नाक' अशा तयार खुणा वापरायला धजत नाही. नेमकी हीच तक्रार डग्लसने १८४९ मध्ये केली होती: गोरे चित्रकार कृष्णवर्णीयांची चित्रे निःपक्षपातीपणे काढत नाहीत, मनातल्या ठरीव चेहऱ्याप्रमाणे त्यांची वैशिष्ट्ये ताणून दाखवतात.

रंगाचाही मुद्दा आहे. काळा घोडा काळ्या रंगाने रंगवता येत नाही. उजेड पडला की त्याच्या पाठीवर निळा चमकतो, पोटाखाली तांबूस छटा येते, सावलीत जांभळी. काळ्या त्वचेचेही तसेच आहे. सपाट काळा-तपकिरी रंग चेहऱ्यातली हाडे, सुरकुत्या, थकवा सारे पुसून टाकतो. कॅमेऱ्याच्या जगातही हा दोष बराच काळ होता. कोडॅकची रंगीत फिल्म गोऱ्या त्वचेच्या नमुनापत्रावर बेतलेली होती. गडद छटा नीट उतरत नाहीत, अशा तक्रारी चॉकलेटच्या आणि लाकडी सामानाच्या उत्पादकांकडून आल्या, तेव्हा कंपनीला त्यांची दखल घ्यावी लागली. पुढे सुधारलेल्या फिल्मचे वर्णन करताना, अंधुक उजेडातल्या काळ्या घोड्याचे बारकावेही तिच्यात येतात, असे कंपनीने सांगितले. म्हणायचे होते कृष्णवर्णीय माणसाबद्दल, आणि बोलले गेले घोड्याबद्दल. ही घटना आपल्याला संकोच वाटायला लावते, आणि वाटायलाच हवा. पण तिच्यातून तंत्राचे सत्यही कळते: गडद पृष्ठभागावरचा उजेड पाहायला शिकणे ही एकच विद्या आहे, आणि ती शिकायला माणसाच्या बाबतीत उशीर लावला गेला.

४. जेरी पिंकनी: एक हात, दोन कामे

१९३९ साली फिलाडेल्फियात जन्मलेले आणि २०२१ साली निवर्तलेले जेरी पिंकनी हे माझ्या म्हणण्याचे सर्वांत भक्कम उदाहरण. अमेरिकी टपाल खात्याने १९७८ साली कृष्णवर्णीय वारशाची तिकीटमाला सुरू केली. तिचे पहिले तिकीट हॅरिएट टबमनचे होते आणि ते पिंकनींनी काढले होते. अमेरिकी टपाल तिकिटावर आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. याच पिंकनींना २०१० साली मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डिकॉट पदक मिळाले, ते सिंह आणि उंदराच्या इसापकथेसाठी. त्या पुस्तकात प्राण्यांच्या आवाजांपलीकडे जवळपास शब्दच नाहीत. गोष्ट सेरेंगेटीच्या माळावर घडते आणि चित्रांनाच ती सांगावी लागते.

त्यांची तीन पुस्तके या दोन कामांमधला दुवा उघड करतात. १८९९ साली भारतात राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी वाघांची आणि एका काळ्या मुलाची गोष्ट लिहिली. वाघ झाडाभोवती पळून पळून वितळतात आणि त्यांचे तूप होते, ही तिची कल्पना मुलांना आजही आवडते. पण मुलाचे नाव आणि त्याचा विद्रूप चेहरा हे पुढे कृष्णवर्णीयांच्या अवहेलनेचे चिन्ह झाले. १९९६ साली लेखक ज्युलियस लेस्टर आणि पिंकनी यांनी ती गोष्ट नव्याने मांडली. वाघ ठेवले, गंमत ठेवली, मुलाला नवे नाव दिले आणि खराखुरा चेहरा दिला. म्हणजे गोष्ट टाकून द्यावी लागली नाही. मुलाकडे वाघाइतक्याच लक्षाने पाहणे पुरेसे ठरले.

त्याच वर्षी आलेल्या 'मिंटी' या पुस्तकात पिंकनींनी बालपणीची टबमन काढली. खऱ्या टबमनला लहानपणी मेरीलँडच्या दलदलीत मस्करॅट या पाणउंदरांचे सापळे तपासायला पाठवले जाई. कथेतली मिंटी ते प्राणी सोडून देते आणि शिक्षा भोगते. पकडलेला प्राणी आणि पकडलेली मुलगी एकाच पानावर येतात, तरी मुलगी प्राण्यासारखी दिसत नाही. दोघांची भीती वेगवेगळी रंगवलेली आहे. १९९८ च्या पुस्तकात बॉब लेमन्स हा गुलामगिरीत जन्मलेला टेक्सासचा घोडेवाला आहे. रानटी घोड्यांच्या कळपाबरोबर राहून, त्यांच्या चालीने चालून, तो एकटा अख्खा कळप आणत असे. हा माणूस घोड्यांजवळ गेला म्हणून लहान होत नाही. त्याचे शहाणपण दिसते ते त्या जवळिकीतूनच.

५. गौरवाचाही नमुना होतो

आता दुसऱ्या ढिगाबद्दल. कृष्णवर्णीय थोरांची चित्रे 'प्रेरणादायी' म्हणून काढली जातात, तेव्हा पुष्कळदा एक नवा नमुना तयार होतो: ताठ मान, दूरवर नजर, मागे तेजोवलय, खाली बोधवाक्य. नावे बदलली तरी चेहरा एकच. तिरस्काराने काढलेला नमुना माणसाला खाली ढकलतो, भक्तीने काढलेला वर ढकलतो. माणूस दोन्हींकडून दूर राहतो.

टबमनच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. तिची सर्वपरिचित छायाचित्रे उतारवयातली, शाल पांघरलेली, गंभीर. २०१७ साली एका जुन्या अल्बममध्ये तिचे १८६८-६९ च्या सुमाराचे छायाचित्र सापडले. चाळिशीतली स्त्री, घेरदार झगा, खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला हात, नजरेत ठाम आत्मविश्वास. १८४९ साली पळालेली, पुन्हा पुन्हा गुलामीच्या मुलखात शिरून सुमारे ७० जणांना बाहेर काढणारी, १८६३ साली कंबाही नदीवरच्या लष्करी मोहिमेत ७०० हून अधिक लोकांच्या सुटकेत वाटा उचलणारी स्त्री या वयाची, या अंगकाठीची होती. पूजनीय म्हातारीने ती झाकून टाकली होती. एका खऱ्या चेहऱ्याने इतिहासाचे आकलन बदलते ते असे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कृष्णवर्णीयांना प्राण्यांशेजारी ठेवणे हेच तर वंशवादाचे हत्यार होते. १९०६ साली ओटा बेंगा या कांगोतल्या तरुणाला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात दाखवले गेले. मग एकाच चित्रकाराने दोन्ही विषय हाताळणे अनुचित नाही का? या वेदनेला हलके लेखता येणार नाही, आणि शेजार कसा मांडला आहे हे प्रत्येक वेळी तपासायला हवे. पण बेंगावर अन्याय झाला तो माकड जवळ होते म्हणून नव्हे, पिंजरा आणि पाटी होती म्हणून. प्राण्यांपासून अंतर राखूनच माणसाची प्रतिष्ठा टिकते, असे मानणे म्हणजे 'प्राणी म्हणजे तुच्छ' हा त्या पाटीचाच सिद्धान्त मान्य करणे. डग्लसने तो मानला नाही. १८७३ साली नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपुढे बोलताना त्याने घोड्यांशी मायेने वागण्याचा आग्रह धरला. गुलामगिरीच्या क्रौर्याची सवय जनावरांवरही उतरते, हे त्याला ठाऊक होते.

दुसरा आक्षेप: छायाचित्रे उपलब्ध असताना चित्र कशाला? डग्लसची सुमारे १६० छायाचित्रे आहेत. एकोणिसाव्या शतकातला सर्वाधिक छायाचित्रे घेतला गेलेला अमेरिकी माणूस तोच. पण गुलामीतल्या लहानग्या मिंटीचे छायाचित्र कोणी घेतले नाही. कॅमेरा जिथे पोहोचू दिला गेला नाही, तिथे चित्रकाराला जावे लागते.

तिसरा आक्षेप याच्या उलटा: पुरावाच नसेल तर कल्पनेने काढलेला चेहरा खोटा नाही का? १७७० साली बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पडलेल्या कृष्णवर्णीय क्रिस्पस अॅटक्सचे समकालीन व्यक्तिचित्र नाही. इथे चित्रकाराने पोशाख, वय, श्रम, परिसर यांचा पुरावा पाळावा आणि चेहरा आपल्या कल्पनेचा आहे हे मोकळेपणाने सांगावे. चेहऱ्याच्या खरेपणाची ओढ मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये. शिवाजी महाराजांचे म्हणून भलत्याच व्यक्तीचे चित्र आपल्याकडे छापले जात होते. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र पुढे आणले, तेव्हा महाराष्ट्राला त्याचे मोल कळले.

चौथा आक्षेप: चित्रांनी काय बदलते? याचे उत्तर ज्यांनी सोसले त्यांनीच दिले आहे. डग्लसने छायाचित्रणावर व्याख्याने दिली आणि आयुष्यभर विचारपूर्वक कॅमेऱ्यासमोर बसला. गुलामीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रूथने १८६४ साली आपल्या छायाचित्राचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवला आणि ती छायाचित्रे विकून आपला खर्च चालवला. एकेकाळी जिचे शरीर विकले गेले, तिने आपल्या प्रतिमेची मालकी हाती घेतली. याला निव्वळ शोभा कोण म्हणेल?

आपली जबाबदारी

हा विषय दूरचा म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या इतिहासात मलिक अंबर आहे, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत, आणि तरीही 'हबशी' म्हटले की धिप्पाड, तलवार उपसलेला पहारेकरीच डोळ्यांपुढे येतो. तो नमुना आहे. खडकीला कालव्याने पाणी आणणारा, मालोजी-शहाजींच्या पिढ्यांबरोबर राजकारण केलेला वृद्ध कारभारी त्यात मावत नाही.

म्हणून पाठ्यपुस्तके आणि मुलांची पुस्तके करणाऱ्यांना, संपादकांना, चित्रकारांना आणि चित्रे विकत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. विषय थोर आहे का, उद्देश चांगला आहे का, हे विचारून थांबू नका. या चित्रातला जीव दुसऱ्या कोणाच्या नावावर खपला असता का, हे विचारा. खपला असता, तर ते चित्र नापास करा, मग ते सिंहाचे असो, टबमनचे असो की मलिक अंबरचे.